पाच पट्ट्यांचा हवालदार

उन्हाळी सुट्टीहून परत आल्यावर हाऊसमध्ये सगळे एकमेकांना विचारतात, "काय केलंस सुट्टीत?" या वर्षी माझे उत्तर ऐकून बरेच जण हसले. मी म्हणालो, "खारीचं पिल्लू सांभाळलं." हसून झाल्यावर मात्र प्रत्येकाने तेच प्रश्न विचारले. काय खायला घातलेस? चावत नाही का? आता कुठे आहे? बरोबर का नाही आणलेस? शाळेच्या आवारातही वादळी पावसानंतर झाडाखाली पिल्ले पडलेली दिसतात आणि आपण काहीतरी करायला धावतो. ते 'काहीतरी' नेमके काय असावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. यात माझ्या चुकाही आहेत, कारण दोन पिल्लांपैकी एक माझ्या चुकीमुळे वाचले नाही.

वादळाची संध्याकाळ

माझे बाबा सिग्नल्समध्ये हवालदार आहेत आणि सध्या जबलपूरला आहेत. जबलपूर हे फौजेचे गाव. सिग्नलचे प्रशिक्षण केंद्र, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची केंद्रे, गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, फौजेचे ट्रक बनवणारी व्हेईकल फॅक्टरी, सगळे तिथेच आहे. छावणीत जुनी झाडे खूप आहेत. कडुनिंब, आंबा, चिंच, अर्जुन. जुन्या बंगल्यांवर अजून कवेलू आहेत. झाडे आणि कवेलू जिथे असतील तिथे खारी असायच्याच.

मे महिन्यात तिथे दिवसभर लू वाहते. १८ मेच्या संध्याकाळी अचानक आंधी आली. धूळ, विजा आणि मग दहा मिनिटांचा पाऊस. आंधी थांबल्यावर मी आणि धाकटी बहीण बाहेर आलो, तर क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाची एक फांदी मोडून पडली होती. फांदीत गवत, काथ्या, कापूस आणि चिंध्यांचा एक गोळा अडकला होता. ते खारीचे घरटे होते. शेजारी ओल्या मातीत दोन पिल्ले पडली होती. अंगठ्याएवढी, डोळे मिटलेली, अंगावर नुकतीच लव आलेली. पाठीवरचे पट्टे मात्र स्पष्ट दिसत होते.

आम्ही त्यांना लगेच घरात आणले. बुटाच्या खोक्यात कापूस घातला. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "अरे, गाय का दूध पिला दो, सब ठीक हो जाएगा." त्यांनी प्रेमानेच सांगितले. मी गाईचे दूध कोमट केले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे पाठीवर झोपवले आणि ड्रॉपरने दूध पाजू लागलो. एका पिल्लाच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. त्याला शिंक आली. मला वाटले, पोट भरले.

रात्रभर ते पिल्लू श्वास घेताना बारीक टकटक आवाज करत होते. पहाटे पाच वाजता मी खोके उघडले तेव्हा ते थंड पडले होते. दुसरे जिवंत होते, पण त्याचे पोट फुगले होते आणि जुलाब सुरू झाले होते.

ऊब, पाणी, मग दूध

बाबांनी सकाळी ड्युटीवर जाण्याआधी आम्हाला पशुवैद्यकांकडे नेले. जबलपुरात पशुवैद्यकाचे शिक्षण देणारे नानाजी देशमुख विद्यापीठ आहे, त्यामुळे गावात जनावरांचे डॉक्टर पुष्कळ. आम्हाला भेटलेल्या डॉक्टर मॅडमनी पिल्लू तळहातावर घेतले आणि आधी मला एकच प्रश्न विचारला, "काल रात्री याचं अंग गरम होतं की गार?" मी म्हणालो, "गार." त्या म्हणाल्या, "मग दूध द्यायचंच नव्हतं."

त्यांनी जे समजावले ते असे. खारीच्या लहान पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. आई आणि भावंडे यांच्या उबेवर ते जगते. अंग थंड असेल तर पोटाचे काम मंदावते, अशा वेळी पोटात गेलेले दूध पचत नाही, तिथेच नासते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवायची. पूर्ण खोके गरम करायचे नाही. फार गरम झाले तर पिल्लाला सरकायला थंड जागा हवी. जबलपूरच्या मे महिन्यात दुपारी तर बाटली काढूनच ठेवावी लागत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. बराच वेळ उपाशी असलेल्या पिल्लाचे अंग सुकलेले असते. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरात पाणी कमी आहे असे समजावे. अशा पिल्लाला आधी ओ.आर.एस.चे कोमट द्रावण थेंब थेंब द्यायचे.

दूध तिसऱ्या क्रमांकावर येते. तेही गाईचे नाही. गाईच्या दुधातली साखर खारीच्या पिल्लाला झेपत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे मृत्यूच. आम्हाला कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणायला सांगितले.

पाजण्याची पद्धतही माझी चुकली होती. पिल्लाला कधीही पाठीवर झोपवून पाजायचे नाही. पोट खाली, डोके थोडे वर, जसे ते आईला लुचताना असेल तसे धरायचे. दूध फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. रात्रीचा तो टकटक आवाज त्याचाच होता. नाकातून दूध आले तर पाजणे थांबवून लगेच डोके खाली करायचे आणि नाक पुसायचे.

मी डॉक्टर मॅडमना विचारले, "मॅडम, ते माझ्यामुळे मेलं का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय." मला खोटा दिलासा दिला नाही, याचे मला नंतर बरे वाटले.

आई परत येते का?

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती माझ्या डोक्यातही आली नव्हती. "याची आई मेलेली पाहिलीस का?" मी पाहिली नव्हती. घरटे मोडले म्हणजे पिल्ले अनाथ झाली असे आपण धरून चालतो. पण खारीण पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. माणसाचा हात लागला तर आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. तिला पिल्लू हवेच असते. आपण तिथून दूर व्हायला मात्र हवे.

त्या दिवशी आम्ही आईची भाजीची छोटी टोपली कडुनिंबाच्या खोडाला सावलीत बांधली. आत फडके, फडक्याखाली कोमट बाटली आणि पिल्लू. दर दोन तासांनी खाली काढून पाजले आणि परत ठेवले. मी आणि बहीण खिडकीतून पाळीपाळीने पहारा देत होतो. मांजर आले, दोनदा कावळे आले, आम्ही हाकलले. सूर्य मावळेपर्यंत खारीण आली नाही. खारी दिवसा फिरणाऱ्या असतात, अंधार पडल्यावर त्या बाहेर पडत नाहीत, म्हणून रात्री टोपली बाहेर ठेवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसेच केले. कोणी आले नाही.

आदल्या संध्याकाळी आंधी थांबल्यावर उजेड थोडा शिल्लक होता. तेव्हाच टोपली बांधली असती तर? त्याचे उत्तर मला कधीच मिळणार नाही.

ड्युटी रोस्टर

त्यानंतर पिल्लाची जबाबदारी आमच्यावर आली. आईच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन २० ग्रॅम भरले. एका वेळी वजनाच्या साधारण पाच टक्के दूध द्यायचे, म्हणजे १ मिलिलिटर. सुई काढलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने आम्ही दूध पाजायचो. डोळे मिटलेले असेपर्यंत दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि मध्यरात्री एकदा. दूध दर वेळी ताजे कालवायचे, सिरिंज उकळत्या पाण्यातून काढायची, हात साबणाने धुवायचे.

बाबांनी फ्रिजवर रोस्टर लावले. सकाळी सहा आणि साडेआठ मी, अकरा आणि दीड आई, चार आणि साडेसहा बहीण, रात्री नऊ आणि मध्यरात्री पुन्हा मी. प्रत्येकाने वेळ, किती दूध आणि वजन लिहून सही करायची. रात्री अलार्म वाजला की मला शाळेतली फॉल-इनची शिट्टी आठवायची. एकदा मी झोपून राहिलो. सकाळी रोस्टरवर माझ्या सहीच्या जागी बाबांची सही होती. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर माझी ड्युटी कधी चुकली नाही.

एक काम सगळ्यांना विचित्र वाटते, पण ते दुधाइतकेच महत्त्वाचे आहे. इतक्या लहान पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखालची जागा हळूहळू पुसायची. हे केले नाही तर पोट फुगून पिल्लू दगावते. हे काम आईने न कुरकुरता केले. ती म्हणायची, "तुम्हा दोघांचं केलंय, याचं काय कठीण आहे."

नाव ठेवायचे नाही, असे बाबांनी बजावले होते. बहिणीने तिसऱ्याच दिवशी ठेवले. रामाने सेतू बांधणाऱ्या खारीच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही गोष्ट तिला आजीने सांगितली होती. तिने पट्टे मोजले तर पाच निघाले! पाठीवर तीन ठळक आणि दोन्ही कुशींना एकेक फिकट. ही चूक नाही. भारतात खारीच्या दोन जाती सहज दिसतात. दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची आणि उत्तरेकडे व मध्य भारतात पाच पट्ट्यांची. जबलपूरची आमची खार पाच पट्ट्यांची. बहिणीने बाबांच्या दंडावरच्या तीन पट्ट्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "हा तुमच्यापेक्षा दोन पट्ट्या पुढे आहे." तेव्हापासून त्याचे नाव हवालदार. बाबाच त्याला 'हवालदारसाहेब' म्हणू लागले.

घरात ठेवायचे का?

आता मित्रांनी विचारलेला शेवटचा प्रश्न. बरोबर का नाही आणला, किंवा जबलपूरच्या घरी कायमचा का नाही ठेवला?

पहिले कारण कायद्याचे. खार हा वन्य प्राणी आहे, मांजर-कुत्र्यासारखा पाळीव नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेला प्राणी परवानगीशिवाय घरात पाळता येत नाही. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. डॉक्टर मॅडमनी हे सांगितल्यावर बाबांनी त्याच दिवशी वन विभागाला फोन केला. एक वनरक्षक येऊन पिल्लू पाहून गेले, नोंद करून घेतली आणि म्हणाले, डॉक्टरांच्या सल्ल्याने सांभाळा आणि मोठे झाले की याच झाडावर सोडा.

कळवणे ही कटकट आहे असे वाटणाऱ्यांसाठी एक उदाहरण. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 'पीनट' नावाची एक अनाथ खार एका घरात सात वर्षे राहिली. इंटरनेटवर तिचे लाखो चाहते होते, पण परवाना नव्हता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस अधिकाऱ्यांनी तिला ताब्यात घेतले, रेबीजच्या तपासणीसाठी मारले आणि तपासणीत रेबीज आढळलाच नाही. लोक फार चिडले. चूक कोणाची यावर तिथे अजून वाद होतो. पण किंमत खारीने मोजली, एवढे नक्की.

दुसरे कारण खारीच्या स्वभावाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये 'टॉमी टकर' नावाची पाळलेली खार झगे घालून मिरवायची, युद्धरोख्यांचा प्रचारही तिच्याकडून करवून घेतला गेला. फोटोंत ती गोड दिसते. पण खार मोठी झाली की तिला चढायला झाड, कुरतडायला लाकूड, पळायला फांद्या आणि बोलायला दुसऱ्या खारी लागतात. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडायला मिळाले नाही तर ते वाढून तिला खाता येत नाही. हवालदार सहा आठवड्यांचा झाला तेव्हा त्याने पडदे, माझ्या बुटाची लेस आणि बाबांच्या बेल्टचे टोक कुरतडले होते. एकदा पेरूचा तुकडा काढून घ्यायला गेलो तर मलाही कडकडून चावला. मी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि एम.आय. रूममध्ये जाऊन दाखवली. खारीसारख्या लहान प्राण्यांत रेबीज क्वचितच आढळतो, तरी वन्य प्राण्याचा चावा डॉक्टरांना दाखवायचाच. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आता वाटते, चावला ते बरेच झाले. झाडावर जगायचे तर त्याला माणसाला घाबरायलाच हवे.

डोळे उघडल्यानंतर

आणल्यानंतर साधारण आठवड्याने, नौतपा सुरू झाला त्याच सुमारास, हवालदारचे डोळे उघडले. पिल्ले साधारण तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की डोळे उघडतात. मग दुधाची वेळ चार तासांवर आली आणि हळूहळू पेरू, काकडी, गाजर, कोवळी पाने आणि कळ्या सुरू केल्या. बहिणीला त्याला शेंगदाणे द्यायला फार आवडायचे, कारण ते तो दोन हातांत धरून खायचा. पण डॉक्टरांनी शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांवर मर्यादा घातली. त्यांत कॅल्शियम कमी असते. फक्त तेच खाणाऱ्या पिल्लांची हाडे मऊ पडतात, मागचे पाय निकामी होतात. रोज सकाळचे कोवळे ऊन आणि कुरतडायला कडुनिंबाच्या ताज्या काड्या हेही त्याच्या रोस्टरवर आले.

जूनमध्ये आम्ही लव्हबर्डचा मोठा पिंजरा आणून कडुनिंबाला लागून असलेल्या व्हरांड्यात टांगला. आत एक लहान मडके आडवे बांधले आणि त्यात काथ्या भरला. तिथून त्याला झाडावरच्या खारी दिसायच्या, त्यांचे ओरडणे ऐकू यायचे. मांजर दिसले की झाडावरच्या खारी शेपटी झटकत चिर्र-चिर्र करायच्या. पहिले काही दिवस हवालदार नुसता बघत राहायचा. मग एके दिवशी त्यांच्याबरोबर तोही ओरडला. आम्ही त्याला हातात घेणे बंद केले. बहीण रडली. मला रडू आले नाही असे लिहिले तर खोटे होईल.

सुट्टी संपली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी गाडीत बसलो तेव्हा हवालदार साडेसात आठवड्यांचा होता, सोडण्यास अजून वेळ होता. रोस्टरवर माझ्या ड्युट्या बहिणीने घेतल्या.

१२ जुलैला, पाऊस उघडलेला पाहून, आईने सकाळी पिंजऱ्याचे दार उघडून ठेवले. हे मला रविवारच्या फोनवर कळले. एक तास तो दारात बसून राहिला. मग खोडावर उडी मारली, दोन हात वर चढला आणि परत पिंजऱ्यात. असे दिवसभर चालले. रात्री मडक्यात येऊन झोपला. सहा रात्री तो परत आला, सातव्या रात्री नाही. मडके आणि थोडे खाणे आईने तिथेच ठेवले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी बहिणीला विचारले, "हवालदार दिसतो का?"

ती म्हणाली, "झाडावर चार खारी असतात. त्यातला आपला कोणता, ते आता ओळखू येत नाही. हाक मारली तरी कोणी येत नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "त्याला सांग, ड्युटी पूर्ण झाली."

पिल्लू सापडले तर

१. आधी आजूबाजूला पाहा. जखम नसेल आणि दिवस असेल तर पिल्लाला उबदार टोपलीत त्याच झाडाला बांधा आणि दूर राहून पहारा द्या. अंधार पडला की आत घ्या, सकाळी पुन्हा ठेवा.

२. पिल्लू गार असेल तर त्याला काहीही पाजू नका. आधी ऊब, मग ओ.आर.एस., मग दूध.

३. गाईचे दूध नको. पाठीवर झोपवून पाजणे नको.

४. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने पुसायला विसरू नका.

५. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा आणि वन विभागाला कळवा. शाळेत असाल तर आधी हाऊस मास्टरांना सांगा. लॉकरमध्ये लपवू नका.

६. चावले तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि सिक रिपोर्ट करा.

७. पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा, ते सोडायचे आहे.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी